व्हेंटिलेटर कसा सोडवायचा: आयसीयूत नव्याने आलेल्या आरएमओ आणि सिस्टरांसाठी

मी सातारा जिल्ह्यातल्या एका बारा खाटांच्या आयसीयूत इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे अतिदक्षता विभागाची तज्ज्ञ डॉक्टर आहे. आमच्याकडे कीटकनाशक प्यायलेले येतात, मण्यार चावलेले येतात, जन्मभर चुलीच्या धुरात किंवा बिडीत फुफ्फुसं खराब झालेले येतात, शिवाय न्यूमोनिया, अपघात आणि सेप्सिस असतंच. रेस्पिरेटरी थेरपिस्ट आमच्याकडे नाही. रात्री एक आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर, आणि तीन सिस्टर. तालुक्याच्या गावांतल्या बहुतेक आयसीयूंची हीच स्थिती असते, म्हणून हे त्यांच्यासाठीच लिहिते आहे. व्हेंटिलेटरला जोडलेली घशातली ट्यूब काढण्याचा अंतिम निर्णय सीनिअरचा, पण तो निर्णय घेण्यासारखा पेशंट तयार आहे की नाही हे तुम्हीच आधी ओळखता.

रेट उतरवत बसू नका

आजही बऱ्याच ठिकाणी पेशंटला एसआयएमव्हीवर (ठरावीक श्वास मशीनचे, मधले पेशंटचे स्वतःचे) ठेवतात आणि रोज मशीनचा रेट दोन-दोननं कमी करतात. सोळाचा चौदा, चौदाचा बारा. पेशंटला सवय होतेय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो एकतर थकत असतो, नाहीतर पुरेसा तयार असूनही नुसता पडून असतो. १९९५ मध्ये स्पेनमधल्या आंद्रेस एस्तेबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या. दिवसातून एकदा मशीनचा आधार काढायचा आणि पेशंटला स्वतःचा श्वास घेऊ द्यायचा, ही सगळ्यांत साधी पद्धत एसआयएमव्हीपेक्षा सुमारे तिप्पट आणि प्रेशर सपोर्ट (पेशंटच्या प्रत्येक श्वासाला मशीनने दिलेला दाबाचा आधार) हळूहळू उतरवण्यापेक्षा सुमारे दुप्पट वेगाने ट्यूब काढण्यापर्यंत नेणारी ठरली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वेस्ली इली यांच्या गटाने प्रत्येक पेशंट रोज सकाळी ठरावीक निकषांवर तपासला. जो निकषांत बसला त्याची स्वतःच्या श्वासाची चाचणी थेरपिस्ट आणि नर्सनी घेतली आणि जमलं की डॉक्टरांना कळवलं. एवढ्यानं मशीनवरचा काळ मध्यकाने सहा दिवसांवरून साडेचारवर आला. कुठलंही नवं औषध नाही, नवं मशीन नाही.

स्वतःच ट्यूब उपसून काढणाऱ्या पेशंटांपैकी जवळपास निम्म्यांना ती परत घालावी लागत नाही, हे जगभर दिसलंय. म्हणजे ते आधीच तयार होते आणि आपल्याला ते कळलं नव्हतं. माझं सांगणं एवढंच आहे की रोज, प्रत्येक पेशंटच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला पाहिजे: आज हा स्वतः श्वास घेऊ शकेल का? रविवारी, दिवाळीत, राउंडला सीनिअर उशिरा येणार असतील तरीही.

सकाळी सहाला झोपेचं औषध बंद

सुरुवात व्हेंटिलेटरच्या नॉबपासून करू नका, सिरिंज पंपापासून करा. मिडाझोलम (झोपेचं औषध) आणि फेंटानिल (दुखण्याचं औषध) चालू असलेल्या पेशंटची चाचणी घेणं व्यर्थ आहे. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे डायफ्राम, आणि तो काम न करता पडून राहिला की फार पटकन वाळतो. २००८ मध्ये लेव्हीन आणि सहकाऱ्यांनी अवयवदात्यांच्या डायफ्रामचे तुकडे तपासले. १८ ते ६९ तास स्नायू पूर्ण निष्क्रिय राहिला तेवढ्यात त्याचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झाले होते. म्हणजे 'आजचा दिवस झोपू दे, उद्या बघू' याची किंमत आहे, आणि ती पेशंट मोजतो.

आमच्याकडे नाईटच्या सिस्टर सकाळी सहाला दोन्ही इन्फ्युजन बंद करतात. याला अपवाद मोजके आहेत: झटके चालू असलेला पेशंट, मेंदूवरचा दाब वाढलेला, दारू सुटल्याचा त्रास होत असलेला, स्नायू सैल करणारं औषध चालू असलेला, किंवा ज्याचा ऑक्सिजन अजून काठावर आहे असा. बाकी सगळ्यांचं बंद (मण्यार चावलेल्यांचं पुढे वेगळं सांगते). वय जास्त असेल, किडनी खराब असेल तर मिडाझोलम अंगात साठून राहतं आणि उतरायला दीड-दोन दिवसही लागतात. तेव्हा 'अजून शुद्धीवर नाही' म्हणून लगेच सीटी स्कॅनला पळवण्याआधी मागच्या तीन दिवसांत किती मिलिग्रॅम गेलंय ते चार्टवर बघा.

जाग येताना पेशंट घाबरतो. डोळे उघडतात तेव्हा घशात नळी, हात बांधलेले, बोलता येत नाही. इथे सिस्टर जे करतात त्याला औषधाचा पर्याय नाही. कानाशी जाऊन, घरात ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने हाक मारा. 'आण्णा, तुम्ही दवाखान्यात आहात. घशात नळी आहे म्हणून आवाज येत नाही. नळी निघाली की बोलता येईल.' हे एकदा सांगून भागत नाही, दहा मिनिटांनी परत सांगावं लागतं. चष्मा असेल तर चढवा, कानाचं मशीन असेल तर लावा. दुखत असेल तर दुखण्याचं औषध द्या. बरगड्या मोडलेला पेशंट तळमळतो म्हणून त्याला झोपवणं म्हणजे दुखणं झाकणं. खरंच आवरत नसेल तर इन्फ्युजन परत सुरू करा, पण आधीच्या निम्म्या डोसने. डेक्समेडेटोमिडिन असेल तर ते अशा पेशंटसाठी बरं, कारण त्याने श्वास दबत नाही. फक्त नाडी आणि बीपी पडतंय का यावर लक्ष ठेवा.

२००८ मध्येच जिरार्ड आणि सहकाऱ्यांनी सकाळची ही जाग आणि श्वासाची चाचणी एकामागोमाग एक जोडून घेतली. त्या पेशंटांना मशीनशिवाय सरासरी तीन दिवस जास्त मिळाले. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवू नका. जाग सकाळी सहाला आणि चाचणी दुपारी दोनला, असं झालं की मधल्या वेळात कुणीतरी परत मिडाझोलम लावतंच.

चाचणीला बसवण्याआधी

ज्या कारणासाठी ट्यूब घातली ते कारण उताराला लागलंय का, हा पहिला प्रश्न. न्यूमोनियाचा ताप अजून १०३ असेल तर बाकी आकडे कितीही गोड असले तरी थांबा. त्यानंतर आकडे: एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा) ०.४ किंवा फार तर ०.५, पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) ८ किंवा कमी, त्यावर सॅच्युरेशन ९० च्या वर. एबीजी (धमनीतल्या रक्ताची वायू तपासणी) असेल तर पीएओटू (त्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब) भागिले एफआयओटू १५० ते २०० च्या वर, पीएच ७.२५ च्या वर. नॉरॲड (बीपी वाढवणारं औषध) बंद किंवा अगदी थोडं. हिमोग्लोबिन ७ च्या वर. आणि पेशंट स्वतः ट्रिगर करतोय, म्हणजे मशीनचा रेट कमी केला तर मधले श्वास तो स्वतः घेतोय.

हे निकष गाळणीसारखे घट्ट करू नका. एखादा आकडा थोडा बाहेर असेल तर सीनिअरला विचारा आणि तरीही चाचणी घ्या. देखरेखीखाली घेतलेली आणि वेळेवर थांबवलेली चाचणी पेशंटचं सहसा नुकसान करत नाही.

अर्धा तास

आता मुख्य भाग. पेशंटला ४५ अंशांत बसतं करा. पोट फुगलेलं असेल तर रायल्स ट्यूब (नाकातून पोटात गेलेली नळी) उघडी सोडा. ट्यूबमधून आणि तोंडातून सक्शन करा. छातीत घरघर किंवा शिट्टी वाजत असेल तर नेब्युलायझेशन देऊन पंधरा मिनिटं थांबा. कफ, म्हणजे ट्यूबच्या टोकाजवळचा फुगा, त्याचं प्रेशर २० ते ३० सेंमी पाण्याच्या दरम्यान ठेवा. एफआयओटू आहे तोच.

मग प्रेशर सपोर्ट ५ ते ८ आणि पीप ५, किंवा मशीनपासून सोडवून टी-पीस (ट्यूबला नुसता ऑक्सिजन देणारा टी आकाराचा जोड). दोन्ही चालतं. मी बहुतेकांना मशीनवरच ८ चा सपोर्ट देऊन अर्धा तास बघते. कारण २०१९ मध्ये सुबिरा यांच्या स्पेनमधल्या अभ्यासात अर्धा तास प्रेशर सपोर्ट घेतलेल्यांपैकी ८२ टक्के पेशंट ट्यूबविना टिकले, तर दोन तास टी-पीस घेतलेल्यांपैकी ७४ टक्के. अलार्मही चालू राहतात, जे कमी माणसांच्या आयसीयूत फार मोलाचं आहे. मात्र हृदय कमजोर असलेल्या पेशंटला मी टी-पीसच देते. पाचाची पीपसुद्धा त्याच्या हृदयाला बराच आधार देत असते आणि तो आधार गेल्यावर काय होणार हे ट्यूब आत असतानाच कळलेलं बरं.

पहिली पाच मिनिटं खाटेजवळून हलू नका. मॉनिटरकडे पाठ केलीत तरी चालेल, पेशंटकडे बघा. मानेच्या दोन्ही बाजूंचे दोरखंडासारखे स्नायू प्रत्येक श्वासाला ताठ होताहेत का? गळ्याच्या खाचेत आणि बरगड्यांमध्ये खड्डे पडताहेत का? नाकपुड्या फुलताहेत का? एक हात छातीवर, एक हात पोटावर ठेवा. श्वास आत घेताना दोन्ही हात वर यायला हवेत. छातीवरचा हात वर आणि पोटावरचा आत जात असेल तर डायफ्राम हरलाय, मॉनिटरवर सॅच्युरेशन ९८ असलं तरीही. कपाळाला आणि वरच्या ओठावर घाम आहे का ते बोटाने पुसून बघा. मॉनिटरवर काही दिसण्याआधी हे सगळं दिसतं. मग डोळ्यांत बघा. नुसता घाबरलेला पेशंट हात धरून 'हळू, लांब श्वास घ्या' म्हटल्यावर मिनिटभरात सावरतो. थकलेला सावरत नाही.

एक आकडा मात्र जरूर काढा. १९९१ मध्ये यांग आणि टोबिन यांनी सांगितलेला: मिनिटातले श्वास भागिले लिटरमधला टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा). श्वास २८ आणि व्हॉल्यूम ३५० मिली असेल तर २८ भागिले ०.३५, म्हणजे ८०. श्वास ४० आणि व्हॉल्यूम २५० असेल तर १६०. १०५ च्या वर गेला तर पेशंट उथळ आणि भराभर श्वास घेतोय, तो टिकण्याची शक्यता कमी. त्यांनी हा आकडा मशीनच्या आधाराशिवाय मोजला होता. प्रेशर सपोर्टवर मोजलात तर तो खोटा कमी येतो, म्हणून ९५ आला की खूश होऊ नका. आणि एकट्या या आकड्यावर कुणालाही नापास करू नका. बारीक चणीच्या म्हाताऱ्या बायांचा आकडा बरेचदा जास्त येतो आणि त्या छान टिकतात.

चाचणी थांबवायची कधी? श्वास ३५ च्या वर पाच मिनिटं राहिले, सॅच्युरेशन ९० च्या खाली गेलं, नाडी १४० च्या वर किंवा आधीपेक्षा २० टक्क्यांनी वाढली, वरचं बीपी १८० च्या पुढे किंवा ९० च्या खाली, नवी तळमळ, घाम, गुंगी. यातलं काही दिसलं की लगेच आधीच्या आरामाच्या सेटिंगवर परत. 'अजून दहा मिनिटं बघू' नको. दमलेला स्नायू सावरायला दिवस लागतो, म्हणून त्याच दिवशी परत परीक्षाही नको.

श्वास जमला म्हणजे ट्यूब निघाली असं नाही

श्वास घेणं आणि घसा सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात पास झालेला पेशंट दुसऱ्यात नापास होऊ शकतो, आणि रात्री अडीचला जी ट्यूब परत घालावी लागते ती बहुधा याचमुळे.

खोकला तपासायला महागडं काही लागत नाही. पांढरं कार्ड ट्यूबच्या तोंडापासून एक-दोन सेंटीमीटरवर धरा आणि पेशंटला तीन-चार वेळा जोरात खोकायला सांगा. कार्डावर ओलावा उडाला तर खोकला बरा. कोरडं राहिलं तर सावध व्हा. सक्शन किती वेळा लागतंय हे सिस्टरांच्या चार्टवर असतं. दर दोन तासांपेक्षा लवकर लागत असेल तर घाई नको. मग चार साध्या सूचना: डोळे उघडा, माझ्या बोटाकडे बघत राहा, हात दाबा, जीभ बाहेर काढा. चारही जमल्या तर उत्तम. कमजोर खोकला, भरपूर बेडका आणि सूचना न पाळणं हे तिन्ही एकत्र असेल तर ट्यूब काढायची नाही.

घशाला सूज असेल का, ही शंका सगळ्यांबद्दल घेऊ नका. आठवडाभर ट्यूब, मोठ्या नंबरची ट्यूब, घालताना त्रास झालेला, लहान चणीची बाई, स्वतः ट्यूब ओढलेला पेशंट, यांना कफ लीक (फुगा सोडल्यावर ट्यूबच्या बाजूने किती हवा निसटते ते) बघा. व्हॉल्यूम कंट्रोलवर ठेवा, तोंडातलं सक्शन करा, कफ पूर्ण सोडा आणि आत गेलेला व बाहेर आलेला व्हॉल्यूम सहा श्वास मोजा. फरक ११० मिलीपेक्षा कमी असेल तर सूज असू शकते. अशांना आम्ही मिथाइलप्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम दर चार तासांनी, ट्यूब काढण्याच्या बारा तास आधीपासून देतो. हा डोस २००७ मधल्या एका फ्रेंच अभ्यासातला आहे. त्यात घशाची सूज २२ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली होती. तासभर आधी एकच इंजेक्शन मारून उपयोग होत नाही, म्हणून लीक आदल्या संध्याकाळी बघा.

ट्यूब काढताना

चाचणी पास झाली की पेशंटला तासभर आधीच्या सेटिंगवर विश्रांती द्या. २०१७ मध्ये फर्नांडेझ यांच्या गटाने एवढंच करून परत ट्यूब घालण्याचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ५ वर आणलं. त्या तासात तयारी करा: लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतोय का, बूजी (ट्यूब घालायला वाट दाखवणारी लवचीक कांडी), अर्ध्या नंबरने लहान ट्यूब, सक्शन चालू, हाय फ्लो (नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन) किंवा बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वासाला आधार) खाटेशी जोडून तयार. भूलतज्ज्ञ इमारतीत असतील ती वेळ निवडा. आमच्याकडे दुपारी बाराच्या आत, आणि संध्याकाळी सहानंतर शक्यतो नाही.

फीड थांबवा, रायल्स ट्यूबमधून पोट रिकामं करून घ्या. पेशंटला ताठ बसवा आणि काय होणार ते सांगा. तोंडातलं, मग कफच्या वर साचलेलं, मग ट्यूबमधलं सक्शन, याच क्रमाने. टेप सोडा. एकाने डोकं धरा. मोठा श्वास घ्यायला सांगा, कफ पूर्ण सोडा, आणि छाती भरलेली असताना ट्यूब एका सलग ओढीत काढा. छाती भरलेली असली की पेशंट पहिली गोष्ट करतो ती खोकण्याची, आणि कफवर उरलेला बेडका बाहेर येतो. लगेच ऑक्सिजन लावा आणि 'नाव सांगा तुमचं' म्हणा. आवाज घोगरा असेल, हरकत नाही. श्वास आत घेताना किंकाळीसारखा आवाज येत असेल तर तो स्ट्रायडॉर. ॲड्रेनॅलिनचं नेब्युलायझेशन सुरू करा आणि सीनिअरला बोलवा.

ज्यांना धोका जास्त, म्हणजे पासष्टीच्या पुढचे, सीओपीडी (धुराने किंवा बिडीने कायमची खराब झालेली फुफ्फुसं), हृदयविकार, फार जाड, आधी चाचणी नापास झालेले, त्यांना ट्यूब निघताक्षणी बायपॅप आणि मधल्या वेळात हाय फ्लो द्या. थिल यांच्या २०१९ च्या अभ्यासात अशा पेशंटांत परत ट्यूब घालण्याचं प्रमाण नुसत्या हाय फ्लोवर १८ टक्के होतं, बायपॅपची जोड दिल्यावर ते १२ टक्क्यांवर आलं. पण हे आधीच लावायचं असतं. पेशंट दम लागून थकल्यावर बायपॅप चढवून रात्र ढकलणं फार घातक आहे. २००४ मध्ये एस्तेबान यांच्याच अभ्यासात तसं केलेल्या पेशंटांचा मृत्यूदर २५ टक्के होता, नेहमीचे उपचार मिळालेल्यांचा १४, कारण ट्यूब परत घालायला उशीर झाला. थकलाय असं वाटलं की ट्यूब परत घाला. त्यात हार नाही.

तोंडाने पाणी लगेच देऊ नका. नातेवाईक प्रेमाने चमच्याने चहा पाजतात, त्यांना आधीच समजावून ठेवा. काही तासांनी, बसवून, चमचाभर पाणी देऊन बघा. खोकला आला किंवा आवाज ओला झाला तर थांबा.

नापास झाला तर कारण शोधा

नापास झाल्यावर 'उद्या परत' एवढं लिहून पुढच्या खाटेकडे जाऊ नका. आज का जमलं नाही?

सर्वांत जास्त सुटून जाणारं कारण हृदय. मशीन हवा आत ढकलत असतं तेव्हा हृदयाकडे परत येणारं रक्त कमी असतं आणि हृदयावरचा भारही कमी असतो. मशीन काढलं की दोन्ही एकदम वाढतात. कमजोर हृदयाला ते झेपत नाही आणि चाचणी चालू असतानाच फुफ्फुसात पाणी भरतं. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या लेमेर आणि सहकाऱ्यांनी हे सीओपीडीच्या पेशंटांत दाखवलं, आणि आठवडाभर लघवी वाढवणारी औषधं दिल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांची मशीनं सुटली. चाचणीत बीपी चढत गेलं, छातीत खालून करकर आली, तर हेच समजा. पेशंट आल्यापासूनची सलाईनची बेरीज करा. बहुतेक वेळा पाच-सहा लिटर जास्त निघतात. फ्युरोसेमाइड द्या, बीपी आवरा, इको करा, सोनोग्राफीचा प्रोब असेल तर चाचणीआधी आणि नंतर छातीवर ठेवून बघा.

पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फरस बघा. फॉस्फरस आपल्याकडे कुणी मागवत नाही, पण तो कमी असेल तर स्नायूला जोरच नसतो. पोट साफ झालंय का? चार दिवस न झालेल्या पोटावर डायफ्राम कसा खाली उतरणार? ट्यूब सात नंबरपेक्षा लहान आहे का, आतून बेडक्याने अरुंद झालीय का, पेशंट चावतोय का? ट्यूब आणि सर्किटच्या मध्ये फिल्टर असेल तर तोही श्वासाचं काम वाढवतो. आणि रात्री झोप लागली होती का? रात्रभर ट्यूबलाइट आणि दर तासाला साखर तपासणी, मग सकाळी आपण त्याची परीक्षा घेतो.

दोन चाचण्यांच्या मध्ये पेशंटला इतका सपोर्ट द्या की श्वास पंचविशीत राहतील. दिवसा खाटेवरून खुर्चीत बसवा, ट्यूबसकट. फिजिओ, एक सिस्टर आणि वॉर्डातले मामा, तिघं मिळून होतं. संध्याकाळी घरच्यांना आत घ्या.

सीओपीडी, कीटकनाशक आणि मण्यार

या तिघांची तऱ्हा वेगळी आहे.

पाटणच्या डोंगरातून आलेल्या एक आजी आमच्याकडे होत्या. सिगारेट कधी बघितली नाही, पण चाळीस वर्षं बिनधुराड्याच्या चुलीपुढे काढलेली. मशीनवर त्यांचा कार्बन डायऑक्साइड ४० वर आणून ठेवला होता, एबीजी पाठ्यपुस्तकातल्यासारखा. चाचणी लावली की अर्ध्या तासात गुंगी. जुने कागद काढले तर घरी असताना बायकार्बोनेट ३४ होतं, म्हणजे त्यांचा रोजचा कार्बन डायऑक्साइड ५५-६० च्या घरातला. त्यांना ४० वर ठेवल्याने किडनीने साठवलेला बायकार्बोनेट फेकून दिला होता आणि स्वतःच्या श्वासावर येताच रक्त आम्ल व्हायचं. मशीनचा रेट कमी केला, पीएच सांभाळत कार्बन डायऑक्साइड वर जाऊ दिला, सॅच्युरेशन ८८ ते ९२ वर धरलं. पुढच्या चाचणीत आजी टिकल्या आणि ट्यूब काढून थेट बायपॅपवर गेल्या. सीओपीडीच्या पेशंटला त्याच्या नेहमीच्या आकड्यावर ठेवा, पुस्तकातल्या नाही.

कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटचं फसवं रूप असं की दुसऱ्या दिवशी तो शुद्धीत असतो, फुफ्फुस स्वच्छ, सॅच्युरेशन १००, नातेवाईक म्हणतात काढा आता. पुण्याच्या ससून रुग्णालयात डॉ. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच नोंदवलं होतं की ऑर्गेनोफॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेत अशक्तपणाचा एक टप्पा उशिरा येतो आणि ॲट्रोपिनने (या विषावरच्या नेहमीच्या औषधाने) तो जात नाही. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालिएद्दे यांनी त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम हे नाव दिलं. विष घेतल्यावर साधारण २४ ते ९६ तासांत तो येतो. ओळखायची खूण मान. 'दादा, उशीवरून डोकं उचला आणि पाचपर्यंत धरा.' डोकं उशीवरून सुटत नसेल तर ट्यूबला हात लावू नका, बाकी सगळं कितीही छान असलं तरी. ही चाचणी दर चार तासांनी करून चार्टवर लिहा.

मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. ऊसतोडीच्या हंगामात कोपीत झोपलेली माणसं आमच्याकडे येतात. चावल्याची खूणही कधी दिसत नाही. पापण्या मिटलेल्या, बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला न हलणाऱ्या, हातपाय लुळे. मेंदू संपल्यासारखं दिसतं आणि तो शाबूत असतो. पेशंट सगळं ऐकत असतो. एका ऊसतोड कामगार ताईंनी ट्यूब निघाल्यावर कुठल्या रात्री कोणत्या सिस्टरनी केस विंचरून दिले तेही सांगितलं. खाटेजवळ उभं राहून 'आता काही आशा नाही' असं बोलू नका. आणि अशा पेशंटला झोपेचं औषध पूर्ण बंद करायची घाई करू नका, लुळं पडून सगळं कळणं भयंकर असतं. मण्यारीचं विष नसेच्या टोकांनाच इजा करतं. ती टोकं परत उगवायला दिवस लागतात आणि अँटीव्हेनम जास्त दिल्याने ते लवकर होत नाही. मान उचलणं, जोरदार खोकला, आणि सांगितल्यावर घेतलेला मोठ्यात मोठा श्वास किलोमागे १० ते १५ मिली, हे तिन्ही जमलं की काढा. यांचं फुफ्फुस मुळात चांगलं असतं, धीर धरला तर जवळपास सगळे घरी जातात.

लांबलं तर

तीन चाचण्या नापास किंवा आठवडा उलटला की ट्रॅकिऑस्टॉमीचा विचार सुरू करा. नातेवाईकांना 'गळ्याला भोक' म्हटलं की ते हादरतात, म्हणून नीट सांगा: तोंडातली नळी गळ्यातून येईल, झोपेचं औषध बंद करता येईल, बसवता येईल, बेडका काढणं सोपं होईल, आणि श्वास जमला की ती काढल्यावर जखम बहुधा आपोआप भरून येते. खर्चाचंही त्याच वेळी बोला. शेतकऱ्याच्या घरात एकेक दिवसाचं बिल काय असतं हे आपल्याला माहीत असायला हवं.

ट्रॅकिऑस्टॉमी झालेल्या पेशंटला मी रोज मशीनपासून पूर्ण सोडवते आणि गळ्याशी नुसता ओलावा असलेला ऑक्सिजन देते. पहिल्या दिवशी तास, मग दोन, मग चार, मग दिवसभर, रात्री मशीनवर आराम. लांबलेल्या पेशंटांसाठी हा मार्ग प्रेशर सपोर्ट उतरवण्यापेक्षा लवकर पोचवतो, हे जुब्रान आणि टोबिन यांनी २०१३ मध्ये दाखवलं: मध्यकाने १५ दिवस विरुद्ध १९.

रात्रीच्या आरएमओला हँडओव्हर देताना चार ओळी लिहून द्या. आज चाचणी झाली का, नसेल तर का नाही. झाली तर किती मिनिटं टिकला आणि कशाने थांबवली. कारण काय वाटतं आणि त्यावर काय सुरू केलं. ट्यूब निघाली असेल तर किती वाजता, खोकला कसा आहे, बायपॅप किती तास द्यायचा आहे, आणि काय दिसलं तर न थांबता मला फोन करायचा.